मोठ्यानं सांग, मापाडी

आमच्या गल्लीतल्या कंट्रोलर अप्पाचे कान चांगले शाबूत होते. कोपऱ्यावर गाडीनं गिअर बदलला की घरात बसून सांगायचा, "मुखेड गाडी. ड्रायव्हर नवा हाय." पण एखादं जोडपं फिरून आलं अन त्याच्या ओट्यावर बसलं की हाच माणूस कानामागं हात धरायचा. "मोठ्यानं सांग. मला कमी ऐकू येतंय."

हे सोंग कशासाठी होतं ते मला लई उशिरा कळलं.

मी नागोराव. उदगीरच्या मोंढ्यात, म्हंजे धान्याच्या बाजारात, मापाडी होतो. शाळा चौथीपर्यंत. माल काट्यावर घालायचा अन काटा दाखवील ते ओरडून सांगायचं, जन्मभर हेच केलं. गोड बोलायची सवय न्हाई, लिहायची तर न्हाईच. पण अप्पाबद्दल लिहायचंय, अन त्यात माझ्या बायकोचं एक येतंय. तिला मी खोटारडी म्हणालो होतो. ते मिटवायचं राहून गेलं.

अप्पाचं खरं नाव मन्मथअप्पा. चौतीस वर्षं एस.टी. स्टँडवर भोंग्यातून गाड्या सांगितल्या. रिटायर झाल्यावर त्याला दुसऱ्याच्या सहली ठरवायचा नाद लागला. त्या बी फक्त नवरा-बायकोच्या. संगं मेव्हणा, आत्या, पोरं असली की म्हणायचा, "ही सहल न्हाई, वऱ्हाड हाय. ट्रकवाल्याला विचारा."

जुन्या कॅलेंडरच्या पानामागं लिहून द्यायचा. गाडी कोणती, चहा कुठं, बाईमाणसाला जाता येईल असा संडास कोणत्या स्टँडवर. अन बसायची जागा, डावी खिडकी. नांदेडकडं सकाळी जाताना ऊन उजवीकडून येतं. दुपारून माघारी फिरलं तरी उजवीकडूनच. म्हणून जाताना डावी, येताना बी डावी. एकानं विचारलं, अप्पा, आम्ही तर रातच्या गाडीनं जाणार. अप्पा म्हणला, "मग दुसऱ्याकडं जा."

तो दुष्काळाचा काळ होता. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न्हाई. टँकर आला की अप्पा शिट्टी घेऊन उभा. "घागरवाल्यांनी लिंबाखाली थांबावं. ड्रमवाल्यांनी मारुतीपाशी. टँकर दहा मिनिटं थांबेल." भांडणाऱ्या बाया बी गप रांगेत लागायच्या. आवाजच तसा होता.

त्यात उदगीर जिल्हा होणार, जिल्हा होणार, ही हूल दर साली उठायची. बाकीचे लोक जिल्हा झाल्यावर जागेला काय भाव येईल ते बोलायचे. अप्पाकडं सहलींची एक वही होती, तिचं पहिलं पान त्यानं राखून ठेवलं होतं. वर लिहिलेलं, 'होणाऱ्या जिल्ह्याचे होणारे कलेक्टर साहेब व बाईसाहेब.' सकाळी किल्ला, दुपारी जेवण अन झोप, संध्याकाळी हत्तीबेट. मी म्हणालो, "अप्पा, कलेक्टराचं लगीन झालेलं नसलं तर?" अप्पानं विचार केला अन खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'एकटे असल्यास फक्त किल्ला.'

मोंढ्यातल्या एका आडत्याच्या पोराचं नवीन लगीन झालं. पोरगं म्हणलं, हैद्राबादला वॉटर पार्कला जायचंय. अप्पा त्याच्याकडं बघतच राहिला. "इथं आंघोळीला तांब्या न्हाई अन तू तिकीट काढून भिजणार?"

"अप्पा, समदे तिथंच जातेत."

"तुझी बायको समद्यांच्या बायकांसारखी हाय का? तिला चुडीबाजारात ने. बांगड्या भरताना बाजूला उभा राहा, मोबाईल खिशात ठेव. मग इराणी चहा. मग तलावाच्या काठी बस अन गप राहा. नव्या नवऱ्याला गप बसायचं जमलं की संसार जमला."

आल्यावर पोरगं ओट्यावर बसलं. "लई भारी होतं, अप्पा."

"भारी म्हंजे किती किलो? नीट सांग. मोठ्यानं."

पोराला सांगता येईना. मग सून लाजत लाजत बोलली. बांगडीवाल्या चाचीनं हात साबणानं कसा भिजवला, अंगठा कसा दाबला, म्हणली 'बेटी, हाथ नरम छोड.' अप्पा डोळे मिटून, "हं. मग? कोणत्या रंगाच्या भरल्या?" गल्ली हसायची. नव्या सुनांना बांगड्यांचे रंग विचारतोय, म्हातारा चळला म्हणायची.

अप्पाला बायको होती, कमळअक्का. आडावर पाय घसरून पडली अन कमरेखालचं अंग गेलं. बारा वर्षं अंथरुणावर. तिचं समदं अप्पाच करायचा. गल्लीला ठाऊक होतं, पण बारा वर्षं माणूस दारात दिसलं न्हाई की गल्ली त्याला विसरते. मी बी विसरलो होतो. तिच्या खोलीची खिडकी ओट्यावरच उघडायची. खिडकी आहे एवढंच मी बघितलं होतं.

त्या साली श्रावण आला तरी आभाळ पांढरंच. पीक न्हाई म्हणून मोंढ्यात आवक न्हाई, काटा बंद. मी घरी बसून माशा मारून राहिलो होतो. एक दिवस माझी बायको, महानंदा, अप्पाकडून कॅलेंडरचं पान घेऊन आली. सहस्रकुंडचा धबधबा. नांदेडला मुक्काम, मग किनवट गाडी, इस्लापूरला उतरायचं.

मी तडक ओट्यावर गेलो. "अप्पा, माणसं घागरीला भांडून राहिलीत अन तू आम्हाला धबधबा बघायला लावतो?"

"काटा बंद हाय, तू मोकळा हाय," अप्पा म्हणला. "मोकळा माणूस बायकोला फिरवतो, न्हाई तर तरास देतो. तू काय करून राहिला ते गल्लीला ऐकू येतंय."

गेलो. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. लगीन अन मयत सोडून ही बाई कुठं गेली नव्हती. डाव्या खिडकीला बसून दर गावाची पाटी मोठ्यानं वाचायची. तिला वाचता येतं, हे बी मी त्या दिवशी नीट ध्यानात घेतलं.

सहस्रकुंडला पाणी नव्हतं. काळे दगड, नुसते दगड, अन एका कपारीत डबकं. मी म्हणालो, "घ्या. बघा तुमचा धबधबा." महानंदानं वहाणा काढल्या. डबक्यात पाय बुडवून बसली. संगं नेलेले धपाटे खाल्ले. मग महादेवाच्या देवळापाशी बेल-फुलं विकणाऱ्या बाईला पाणी असल्यावरचं विचारत बसली ती तासभर उठलीच न्हाई. मी सावलीला पडून होतो. म्हणालो, इथं येऊन बी बायांच्या गप्पाच.

माघारी आल्यावर ओट्यावर बसलो. अप्पा कानामागं हात धरून, "हं. मोठ्यानं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात महानंदानं माझा पाय दाबला अन सुरू झाली. लांबूनच आवाज येतो, अप्पा. आधी वाटतं आगगाडीच हाय. मग पुढं जावं तसं तोंडावर तुषार येतेत, पदर ओला होतो, पिळावा लागतो. काळ्या दगडावरून पाणी नुसतं पांढरं होऊन पडतंय, कढईतलं दूध उतू जावं तसं. अन जवळ गेल्यावर माणसाचं बोललेलं ऐकू येत न्हाई. हे मला काय काय म्हणले, नुसते ओठ हालताना दिसले.

असा आवाज लावलेला मी तिचा कधी ऐकला नव्हता. अप्पा वहीत लिहून घेत होता.

घरी आल्यावर मी बरसलो. "खोटं बोलायला लाज न्हाई वाटत? मापाड्याची बायको तू. जन्मात मी छटाकभर मापात मारलं न्हाई."

ती चूल पेटवत होती. म्हणली, "आतून अक्काच्या बांगड्या वाजत होत्या. मी बोलायला लागले तशा थांबल्या. तुमचं ध्यान नव्हतं." मग म्हणली, "बारा वर्षं ती बाई छत अन खिडकीएवढं आभाळ बघून राहिलीय. तिला सांगू का, तिथं बी कोरडंच हाय म्हणून?"

 उत्तर न आलेला माणूस मोठ्यानं बोलतो. "खोटारडी ती खोटारडीच," म्हणालो. पुढं ती सवयच लागली. भाजी किती आणली, पाहुणे कधी येणार, कशावर बी, "खोटारडीला काय विचारायचं." ती हसायची. हसायची म्हणून मी म्हणत राहिलो.

कमळअक्का पुढच्या उन्हाळ्यात गेली. मी गेलो तर अप्पा ओट्यावर बसला होता. "सहा चाळीसला," एवढंच म्हणला. त्यानंतर त्यानं कुणाची सहल ठरवली न्हाई. जोडपी आली तर म्हणायचा, गाड्यांच्या वेळा बदलल्यात.

अन चार वर्षांनी महानंदा गेली. सकाळी भाकरी थापताना कपाळाला हात लावला, म्हणली लई ठणकतंय, अन तव्यावरची भाकरी मला काढावी लागली.

मातीला आलेली माणसं गेली, दिवस झाले, पोरी आपापल्या घरी गेल्या. मी दार लोटून पडून राहायचो. त्या साली पाऊस दणकून झाला होता. अप्पा आला. उंबऱ्यातूनच कॅलेंडरचं पान पुढं केलं. सहस्रकुंड. दोन माणसं.

"कोण दोघं?"

"तू अन मी. दुसरं कोण राहिलंय?"

गाडीत मला डाव्या खिडकीला बसवलं. मुखेड सोडल्यावर लहान पोरासारखा माझ्या अंगावरून वाकून बाहेर बघायला लागला. तेव्हा कळलं, लोकांना गावोगाव पाठवणारा हा माणूस सोळा-सतरा वर्षांत कुठं गेलाच नव्हता. अक्का होती तवर तिला कुणाच्या जिवावर ठेवणार, अन ती गेल्यावर एकटा कुठं जाणार.

इस्लापूर जवळ आलं तसं मी मनातलं काढलं. "अप्पा, त्या साली इथं पाणी नव्हतं. आमच्या हिनं तुला खोटं सांगितलं."

"ठाऊक हाय. नांदेडच्या कंट्रोलरला मी आधीच विचारलं होतं."

"मग पाठवलं कशाला?"

"कमळ म्हणली, महानंदाला पाठवा. तिला सांगता येतं."

"म्हंजे अक्काला बी..."

"तिला खिडकीतून आभाळ दिसायचं की, मापाडी. दुष्काळ दिसत नव्हता का?" अप्पानं चष्मा पुसला. "तरी पुढं तीन दिवस मलाच सांगत होती, पदर पिळावा लागतो म्हणून."

पुढं गेलो तर लांबूनच आवाज आला. आधी मला आगगाडीच वाटली. दगड दिसेनात. तोंडावर तुषार आले, धोतर ओलं झालं. अप्पानं पिशवीतून जुनी वही काढली, त्या सालचं पान उघडलं अन माझ्याकडं तोंड करून वाचायला लागला. मला काही ऐकू येईना. नुसते ओठ हालताना दिसले.

दुसऱ्या दिवशी उदगीरला पोचलो. मी घराकडं वळलो तर अप्पानं बाही धरली, ओट्यावर बसवलं. आत गेला, खिडकीची दोन्ही दारं उघडली. आत पलंग होता, त्याच्यावर घडी घातलेली गोधडी होती. बाहेर येऊन माझ्यासमोर बसला अन कानामागं हात धरला.

"हं. सांग, मापाडी. मोठ्यानं."

मी खिडकीकडं तोंड केलं. मोंढ्यात लावायचो तसा आवाज लावला, अन महानंदानं सांगितलं होतं तेच सांगायला लागलो. आगगाडीपासून. एक शब्द मापात कमी केला न्हाई.