सुकलाल मिस्त्रींचा सत्कार

जीवरामनाना गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, धुळ्यात देवपुरातल्या आपल्या कारखान्यात सहा पोरांना एका फळीवर ओळीने बसवून ते त्यांचे गुडघे मोजत होते. कारखाना म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड. मोजायला टेप नव्हता. खुणा केलेली सागाची एक काठी होती. शेजारी त्यांची मुलगी मोनाली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती.

मोनाली जळगावच्या एका कॉलेजात इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. शिंदखेड्याजवळच्या एका शाळेचा वर्ग बदलून त्याचं 'लर्निंग स्पेस' करायचं, असा तिचा प्रकल्प होता, आणि त्या वर्गाचे सहा बाक नाना करत होते. वर्गात मुलं सरळ रांगेत बसून कंटाळतात. लर्निंग स्पेसमध्ये ती अर्धगोलात बसून कंटाळतात. एवढा फरक समजायला चार वर्षं लागतात.

"हाई उंची कोना पोऱ्यानी शे वं?" नानांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं.

"नाना, ती स्टँडर्ड उंची आहे. पुस्तकातली."

"पुस्तकवाला पोऱ्या लंबा दिखस. आपला पोऱ्यासना पाय लोंबकळतीन. दोन इंच कमी कर."

"तुम्हाला सांगितलं तसं करा हो."

"तेच करी ऱ्हायनू. पोऱ्यासनी सांगं तसं."

मोनालीने चडफडत ड्रॉइंगमध्ये दोन इंच कमी केले, आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली.

गाडीतून सारिका मॅडम उतरल्या. त्या मोनालीच्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक. मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे धुळ्यातल्या कुठल्याही वस्तूकडे त्या उत्खननात सापडल्यासारखं बघत. मोनालीने कॉलेजात सांगून ठेवलं होतं की वडिलांचा फर्निचरचा बिझनेस आहे. हे खोटं नव्हतं. फक्त त्या बिझनेसचा मालक, मॅनेजर आणि कामगार हे तिघं मिळून एकच बनियन घालतात आणि त्या बनियनला खांद्यावर भोक आहे, एवढं सांगायचं राहिलं होतं.

नानांनी चार बाक आधीच दोन इंच कमी करून ठेवले होते, ते मॅडमनी पाहिले. एकावर स्वतः बसून पाहिलं, गुडघे हनुवटीपाशी आले तरी खूश झाल्या.

"परफेक्ट! ही उंची कुणी काढली?"

"मी," मोनाली म्हणाली.

"व्हेरी गुड. आणि हे कोण?"

नाना भुशाने भरलेला हात पायजम्याला पुसत पुढे आले होते. मोनालीला विचार करायला अर्धा क्षण मिळाला. तो तिने वाया घालवला.

"हे… आपले मिस्त्री."

नानांचा हात पायजम्यावरच थांबला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "नमस्कार मॅडम. तुमची ही पोरगी लई कडक आहे. दोन इंच इकडंतिकडं चालू देत नाही." आणि ते मोठ्याने हसले. मॅडमनी पटकन फोन काढून त्यांचा फोटो घेतला, "किती ऑथेंटिक!" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

रात्री जेवताना नाना म्हणाले, "मालकीणबाई, मिस्तरीले आखो अर्धी भाकर वाढा."

"नाना, नका ना."

"बरं," नाना म्हणाले, आणि अर्धी भाकर स्वतःच वाढून घेतली. काय ते सकाळी बोलू, असं मोनालीने ठरवलं.

नाना रोज पाचला उठत. रविवारी सहा वाजले तरी उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"फार वाईट झालं गं. फादरना काय झालं?"

"झोपेत हार्ट अटॅक आला."

"स्वतःला सांभाळ. अजिबात घाई करू नकोस. परीक्षक ज्युरीला पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला येणार आहेत." दुःखाला साजेल इतका वेळ मॅडम थांबल्या. "तो मिस्त्री काम करतोय ना? दोन बाक राहिलेत."

आता सांगावं, असं मोनालीच्या मनात आलं. पण हे सांगायचं तर शनिवारचं सांगावं लागणार होतं, आणि घरात दारावर, म्हणजे सांत्वनाला, आलेली माणसं बसलेली असताना शनिवारचं सांगायचं तिला धैर्य झालं नाही.

"तो सुरतला गेला," ती म्हणाली. धुळ्यातून माणूस दिसेनासा झाला की सुरत म्हणावं. पुढे कोणी विचारत नाही.

"काम अर्धं टाकून? बघ, या लोकांचं हे असंच असतं! नाव काय त्याचं?"

"सुकलाल."

अशा रीतीने जीवरामनानांना जाऊन तीन दिवस झाले असताना सुकलाल मिस्त्री जन्माला आले. जन्मल्याबरोबर पळून गेले म्हणून त्यांना शिव्याही बसल्या.

नवव्या दिवशी दुपारी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष प्रेमराजभाऊंचा फोन आला. "ताई, मी आणि मॅडम शाळा पाहून निघालोय. नरडाण्याला आहोत. अर्ध्या तासात तुमच्या दारावर येतो. नाही म्हणू नका, दुःखात कोणी नाही म्हणत नसतं."

मोनाली उठली आणि तिने बैठकीतल्या स्टुलावरचा नानांचा फोटो उचलला.

"फोटो कोठे लई चालनी वं?" कोपऱ्यात बसलेल्या वच्छलाबाई कडाडल्या. त्या नानांच्या मोठ्या बहीण.

"काच पुसायची आहे, आत्या."

"सकायथून चार येळ पुशी! बापले नऊ दिन तरी एक जागे बसू दे!"

मोनालीने फोटो आतल्या खोलीत धान्याच्या कोठीवर ठेवला. आधी सरळ ठेवला. मग नाना बघताहेत असं वाटून तो भिंतीकडे फिरवला. मग तेही सहन होईना, म्हणून परत सरळ केला. तेवढ्यात गाडी वाजली.

मॅडम आल्या आणि स्टुलापुढे उभ्या राहिल्या. स्टुलावर तेवता दिवा होता, उदबत्ती होती, झेंडूचा हार गोल ठेवलेला होता, आणि मध्ये काहीही नव्हतं. मॅडमनी त्या काहीही नसलेल्या जागेला हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले.

"फोटो नाही ठेवला?"

"नाही."

"किती संयत! अनुपस्थितीलाच जागा दिलीस तू. मी हे लेक्चरमध्ये सांगणार आहे."

"काय म्हनस हाई बाई?" आत्यांनी विचारलं.

"म्हणतात, छान मांडलंय."

"काय छान? फोटो तं हाई पोरनी कोठीवर—"

"आत्या, चहा!" मोनाली इतक्या जोरात ओरडली की प्रेमराजभाऊ दचकून उभे राहिले आणि उभेच आहोत म्हणून शेडमध्ये जाऊन बाक बघून आले.

"मॅडम, काम एक नंबर!" ते परत येऊन म्हणाले. "या मिस्त्रीचा सत्कार करावा लागेल. वीस तारखेला ज्युरी आणि उद्घाटन एकाच मांडवात घेऊ."

प्रेमराजभाऊंच्या शाळेत नळाला पाणी नव्हतं, प्रयोगशाळेला दार नव्हतं, पण शालींचा साठा कधी संपला नव्हता. ज्या कार्यक्रमात कुणाचा सत्कार होत नाही त्याला ते कार्यक्रम न म्हणता मीटिंग म्हणत.

"तो सुरतला आहे," मोनाली म्हणाली.

"मग बोलवा! सुरत काय लंडन आहे? फोन लावा."

"त्याच्याकडे फोन नाही."

"मिस्त्रीकडे फोन नाही?"

"ऑथेंटिक," मॅडम हळूच म्हणाल्या.

उत्तरकार्य आटोपलं आणि पाहुणे गेले. मोनालीने शेडचं दार आतून लावून उरलेले दोन बाक स्वतः करायला घेतले. रंधा तिला लहानपणापासून येत होता. कॉलेजात मात्र तिने तो ओळखत नसल्याचं सोंग चार वर्षं केलं होतं. पहिल्या दिवशी तिने एक फळी वाकडी तासली, दुसऱ्या दिवशी सरळ. बाहेर वच्छलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मना भाऊनी बठ्ठी जिंदगी लाकूड तासामा गई, आते त्यानी पोर लागनी." मॅडमना कळवण्यात आलं की सुकलाल चार दिवसांसाठी येऊन काम संपवून गेला.

"आला होता? मग मुलाखत घेतलीस ना?" मॅडमनी विचारलं. अहवालात 'कारागिराशी संवाद' नावाचं प्रकरण होतं आणि त्याला वीस गुण होते.

मोनालीने मुलाखत लिहिली. प्रश्न बनवायला तिला दोन तास लागले, उत्तरं एका बैठकीत झाली. नाना लाकडाबद्दल, पोरांबद्दल, मास्तरांबद्दल जे जे बोलत ते सगळं सुकलालच्या तोंडी गेलं. 'आधी पोरगं बघायचं, मग खोली बघायची,' या वाक्याखाली मॅडमनी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'अप्रतिम! हे नक्की तुझंच. त्या लोकांना इतकं सुचत नाही.' मोनालीने तो शेरा वाचला आणि वही मिटली. वीसपैकी एकोणीस पडले. पुण्यातल्या एका मोठ्या फर्ममध्ये मॅडम तिचं नाव कळवणार होत्या, फक्त ज्युरी पार पडायचा अवकाश होता.

वीस तारखेला ती शिंदखेड्याहून रिक्षाने शाळेपाशी उतरली तेव्हा फाटकावर फ्लेक्स होता. वरच्या ओळीत पुढाऱ्यांचे अकरा फोटो, मध्ये हात जोडलेले प्रेमराजभाऊ एकटेच तेवढे मोठे. आणि खाली कोपऱ्यात, गोलात, नाना. केसांत भुसा, तोंडभर हसू. 'कुशल कारागीर मा. सुकलाल मिस्त्री (सुरत) यांचा जाहीर सत्कार.'

"फोटो मीच पाठवला," मॅडम मागून येऊन म्हणाल्या. "त्या दिवशी काढला होता ना, तो."

मोनाली बघत राहिली. घरचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला होता, त्यात नाना वॉरंट निघाल्यासारखे दिसत. हसणारे नाना फक्त मॅडमच्या फोनमध्ये होते, आणि आता या फाटकावर.

मांडवात जळगावहून आलेले दोन परीक्षक बसले होते. त्यांनी वर्ग पाहिला होता आणि गुणांचे कागद भरत आणले होते. व्यासपीठावर सत्कारमूर्तीच्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घातलेला एक माणूस ताठ बसला होता.

"हे कोण?" मोनालीने विचारलं.

"आमचा शिपाई करमसिंग," प्रेमराजभाऊ म्हणाले. "तुमचा मिस्त्री आला नाही ना? मला वाटलंच होतं. काळजी करू नका. शाल काय, कोणाच्याही खांद्यावर बसते."

"पण फ्लेक्सवर फोटो आहे."

"फ्लेक्स फाटकावर आहे, करमसिंग इथं आहे. दोघांना जवळ कोण आणतं?"

करमसिंगने वाकून मोनालीला धीर दिला. "घाबरू नका ताई. माले सवय शे. मागला साले मी शास्त्रज्ञ व्हतू. त्याना पहिले कवी."

"कवीच्या वेळी चांगला बोललाही होता," भाऊंनी कौतुक केलं.

मॅडम जवळ सरकल्या. "मोनाली, एका मिनिटात आटप. पहिला नंबर तुझाच आहे, मी कागद बघितलाय. हे सुकलाल मिस्त्री, एवढं म्हण आणि खाली बस."

माइकवरून भाऊंनी तिला परिचयासाठी बोलावलं. करमसिंग नम्रपणे, पण सराईतपणे उठून उभा राहिला. शाल उलगडली गेली. मोनाली माइकपाशी आली, आणि या वेळी विचार करायला तिला पुरेसा वेळ होता.

"करमसिंगदादा, तुम्ही बसा," ती म्हणाली.

करमसिंग बसला. शाल धरलेले प्रेमराजभाऊ तसेच उभे राहिले.

"सुकलाल मिस्त्री नावाचं कोणी नाही. फाटकावर फोटो आहे तो जीवराम यांचा. देवपूरचे. ते गेल्या महिन्यात वारले."

बोलणारा थांबला की टाळ्या, अशी भाऊंची शिस्त होती. त्यांनी शालीसकट टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या. परीक्षकांपैकी एकाने लिहिलेला आकडा खोडावा की ठेवावा या विचारात पेन वर धरलं.

"अगं, पण गेल्या महिन्यात तर तुझे वडील…" मॅडम जागेवरूनच म्हणाल्या, आणि थांबल्या.

"हो," मोनाली म्हणाली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मुलाखतीतलं सगळं त्यांचं आहे. उंचीही त्यांनीच काढली होती, मी नाही." तिने माइक थोडा खाली ओढला. "मिस्त्री तर ते होतेच, मॅडम. पण माझे नाना होते, हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटली."