जमिनीखालच्या बांधकामाची कमाल उंची

आमच्या हिंटरलाइम गावात कुणालाही काहीही बांधायचं असेल, तर आधी त्या बांधकामाच्या चारी कोपऱ्यांवर नेमके त्याच्या उंचीचे खांब उभे करावे लागतात. महिनाभर ते खांब तसेच ठेवायचे. तेवढ्या अवधीत शेजाऱ्यांनी खिडकीत बसून आपल्या वाट्याचं ऊन किती जातं, डोंगर किती झाकला जातो ते पाहायचं आणि हरकत घ्यायची. सगळ्या स्वित्झर्लंडात हीच रीत आहे. कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा खांब लागतात. चर्चचा मनोरा हा नियम होण्यापूर्वी बांधला गेला, म्हणूनच तो आहे.

मी कास्पर ग्युगर, गावचा चीजवाला. गावाचा कारभार आमच्याकडे फावल्या वेळात चालतो. पगारी माणूस एकच, चिटणीस त्सुमश्टाइन. बाकीचे आम्ही आपापला धंदा सांभाळून गाव चालवतो. बांधकाम समितीचा प्रमुख मी आहे. पाणीपुरवठा समितीचं प्रमुखपदही माझ्याकडेच आहे, कारण ती निवड झाली त्या सभेला मी उशिरा पोहोचलो होतो.

देशातल्या अणुभट्ट्यांचा जळून उरलेला कचरा कुठेतरी कायमचा पुरायचा होता. कायमचा म्हणजे दहा लाख वर्षं. त्यासाठी नेमलेल्या साठवण संस्थेने कित्येक वर्षं देशभर भोकं पाडली आणि शेवटी जाहीर केलं, की या कामाला सगळ्यांत लायक जागा हिंटरलाइमच्या खाली नऊशे मीटरवर आहे. संस्थेचे भूगर्भतज्ज्ञ डॉक्टर बेआट इम्होफ ही बातमी घेऊन शाळेच्या व्यायामशाळेत आले. येताना त्यांनी खालून काढलेला करड्या खडकाचा एक दंडगोल आणला होता. तो त्यांनी जपून टेबलावर ठेवला.

"हा चिकणखडक," ते म्हणाले. "सतरा कोटी वर्षं जागचा हललेला नाही. बाहेरचं पाणी आत घेत नाही. भेग पडली तर स्वतःच फुगतो आणि ती मिटवून टाकतो."

सभा हेलावली. सतरा कोटी वर्षं जागचा न हललेला, बाहेरच्याला आत न घेणारा आणि घरातली भेग गुपचूप मिटवून टाकणारा तो खडक प्रत्येकाला आपल्या नात्यातला वाटला.

रेगुला श्टुत्स तेवढी उठली. वरच्या उतारावर तिचा गोठा आहे आणि गोठ्याच्या मागे झरा. तिच्या गायी त्याच झऱ्याचं पाणी पितात आणि चौकातल्या हौदात येतं तेही तेच. "डॉक्टर, माझा झरा चुनखडकातून येतो," ती म्हणाली. "त्याचं काय?"

"तुमचा चुनखडक वर, शंभर-सव्वाशे मीटरवर," इम्होफ म्हणाले. "आमचा कचरा नऊशेवर. मध्ये हा गडी सगळी दारं लावून बसलाय. खोली हीच तुमची हमी, बाई."

"मग माझी ना नाही," असं म्हणून रेगुला खाली बसली. पुढे जे झालं ते पाहता, सबंध प्रकरणात समजून उमजून होकार देणारी ती एकटीच.

नंतर त्सुमश्टाइन यांनी हात वर केला. "डॉक्टर, खांब कधी लावताय?"

"कसले खांब?"

"बांधकामाचे."

"बांधकाम जमिनीखाली आहे हो! ते दिसणारच नाही."

"दिसत नाही म्हणूनच तर दाखवायचं. दिसत असतं तर खांब कशाला लागले असते?"

नियमात 'बांधकामाचा विस्तार' एवढेच शब्द आहेत. विस्तार वर की खाली, यावर नियम मौन बाळगून आहे आणि आमचे चिटणीस मौनाचाही अर्थ लावतात. इम्होफ यांनी खड्डे खणून खांब खाली सोडायची तयारी दाखवली. त्सुमश्टाइन म्हणाले, खड्डा हेही बांधकामच, तेव्हा आधी खड्ड्यांचे खांब लागतील. इथे घोडं अडलं आणि चार महिने अडूनच राहिलं.

ते मी सोडवलं, हे सांगायला संकोच कशाला? मी म्हटलं, खाली जाता येत नसेल तर वर जाऊ. जितकं खोल, तितका उंच खांब. नऊशे मीटरचे खांब उभे करायला वायुदलाने नकार दिला, म्हणून शंभरास एक असं प्रमाण धरलं. त्सुमश्टाइन यांना ते पटलं. प्रमाण ठरलं की नियमाचं समाधान होतं, असं ते म्हणाले.

वसंतात रेगुलाच्या कुरणापासून ऑडरमाट बाईंच्या घरापर्यंत नऊ नऊ मीटरचे खांब उभे राहिले. गायींना पाठ खाजवायची सोय झाली. रेगुला माझ्या दुकानात दुधाचे कॅन उतरवायला आली आणि विचारू लागली, "कास्पर, हे काय उभं केलंयस माझ्या कुरणात?"

"तुझी हमी," मी म्हटलं.

गावात घरं जेवढी, त्याहून हरकती जास्त आल्या. मी त्या सगळ्या वाचल्या. कचऱ्यावर त्यांत एकही नव्हती. एकाच्या जिरेनियमवर सावली पडत होती. दुसऱ्याला खांब वाकडे वाटत होते. आणि एका जाणत्या गावकऱ्याने दाखवून दिलं, की आमच्या भागात बांधकामाची कमाल उंची साडेसात मीटर आहे.

"तुमचं बांधकाम दीड मीटरने नियमबाह्य उंच आहे," त्सुमश्टाइन यांनी इम्होफ यांना कळवलं.

"ते उंच नाही, खोल आहे!"

"खांब नऊ मीटर आहे."

"मग कापा ना दीड मीटर! खांबच तर आहे."

त्सुमश्टाइन दुखावले. "खांब कमी करायचा आणि बांधकाम तेवढंच ठेवायचं, याला फसवणूक म्हणतात, डॉक्टर. हिंटरलाइममध्ये फसवणूक होत नाही."

तेव्हा फसवणूक टाळण्यासाठी अणुकचरा दीडशे मीटर वर घ्यायचं ठरलं. इम्होफ यांचा चेहरा उतरला. साडेसातशे मीटरवर त्यांचा चिकणखडक नव्हताच. तो त्याच्याही खाली राहिला होता. रेगुलाने उभं राहून विचारलं, "मग माझ्या झऱ्याचं काय?" सभाध्यक्षांनी तिला सांगितलं, की पाणी हा पाणीपुरवठा समितीचा विषय आहे. बांधकाम समितीचा प्रमुख या नात्याने मी त्याच आठवड्यात पाणीपुरवठा समितीच्या प्रमुखाला रीतसर विचारणा केली. त्या प्रमुखाला चीजच्या हंगामात श्वास घ्यायला फुरसत नसते, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तगादा लावला नाही.

इम्होफ तडक आपल्या मुख्य कचेरीत गेले. तिथे त्यांचं ऐकून घेतील असं त्यांना वाटलं होतं. परत आले तेव्हा माणूस निम्मा झाला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"अभिनंदन केलं."

जागेचं मूल्यमापन डझनभर निकषांवर होतं. खडक हा त्यांतला एक. खडकाचे गुण घसरले होते, पण बोगदा आखूड झाल्याने खर्चाचे गुण वाढले आणि गावाचं ऐकल्यामुळे 'स्थानिक स्वीकृती'चे गुण तर दुप्पट झाले. एकूण बेरजेत जागा पूर्वीपेक्षा सरस ठरली होती. "वीस वर्षं मी तो खडक शोधत होतो," इम्होफ म्हणाले. "आता तो फक्त माझ्या टेबलावर आहे." मी त्यांना चीजचा एक तुकडा दिला. त्यांनी तो खाल्ला नाही.

दुसरी मोठी हरकत ऑडरमाट बाईंची होती. अर्धी गावसभा त्यांनी शिकवली आहे. त्या आत आल्या की आम्ही अजूनही उठून उभे राहतो. दक्षिणेचा गरम वारा सुटला, की त्यांच्या गच्चीतून दूरचे बर्फाचे डोंगर दिसतात. असे दिवस वर्षाकाठी आठ-दहा येतात.

"कास्पर, तू वर्गातही फळ्यासमोर येऊन उभा राहायचास," बाई म्हणाल्या. "खांब माझ्या कठड्याच्या वर आलेले मला चालायचे नाहीत."

कठडा तीन मीटरवर होता. इम्होफ हात जोडायचेच बाकी राहिले. "बाई, तीनशे मीटर! तिथे काय ठेवायचंय माहीत आहे ना तुम्हाला? दहा लाख वर्षं ते—"

"दहा लाख वर्षांनी मी नसेन, डॉक्टर. डोंगर मला या रविवारी पाहायचेत."

खांब तीन मीटरवर आले, कचरा तीनशेवर आला आणि जागेचे गुण पुन्हा वाढले. वर्तमानपत्रात आमचं कौतुक छापून आलं, की सामान्य माणसाचा आवाज इतक्या खोलवर पोहोचल्याचं उदाहरण देशात दुसरं नाही.

तोवर उन्हाळा सरत आला होता आणि कुरणाच्या कडेच्या खांबांवर कुणाच्या तरी शेंगांचा वेल चढला होता. वेल चढलेले खांब ओळीत असले तर ते आमच्या नियमाप्रमाणे कुंपण होतं. हद्दीवरचं कुंपण एक मीटर वीस सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही.

"वेल काढून टाका!" इम्होफ ओरडले. त्यांना ओरडताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

"शेंगा धरल्यात," त्सुमश्टाइन म्हणाले.

अशा रीतीने कचरा एकशेवीस मीटरवर आला. बाईंना डोंगर मिळाले, जिरेनियमना ऊन मिळालं, कमरेच्या थोडे वरपर्यंत येणारे ते ठेंगणे खांब पाहून तर लोकांना कौतुकच वाटू लागलं. सगळ्या हरकती मागे घेतल्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात कुठल्याही जागेला मिळाले नव्हते एवढे गुण हिंटरलाइमला मिळाले.

अंतिम सभेला व्यायामशाळा भरली होती. इम्होफ उठले आणि म्हणाले, की कचरा आज ज्या गोदामात आहे तिथेच राहू द्या, तो तिथे याच्यापेक्षा सुरक्षित आहे. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. बाहेरचा माणूस आमच्या सभेत बोलला की आम्ही टाळ्या वाजवतो. त्याला मत नसतं.

मग रेगुला उठली. गोठ्यातून थेट आली होती, पायात बूट तसेच.

"मी नऊशे मीटरला हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं, खोली हीच हमी. आता तुम्ही तो कचरा माझ्या झऱ्याच्या पोटात नेऊन ठेवताय. अरे, हौदाला तेच पाणी येतं! तुमची पोरं तेच पितात. बाई, तुमचा चहा त्याचाच. आणि कास्पर, तुझं चीज कशानं धुतोस रे तू?"

त्सुमश्टाइन यांनी घसा साफ केला. "रेगुला, तुला नेमकं काय दिसेनासं होतंय?"

"म्हणजे?"

"हरकत घ्यायची तर काहीतरी झाकलं जायला हवं. ऊन, डोंगर, तळं."

"झाकलं काही जात नाहीये. माझं पाणी जाणार आहे."

"पाणी दृश्यात मोडत नाही," त्सुमश्टाइन म्हणाले. ते हे तुसडेपणाने म्हणाले नाहीत. नियम शोधून शोधून त्यांचेही डोळे लाल झाले होते.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणीपुरवठा समितीच्या वतीने सांगितलं, की बांधकाम समितीची विचारणा आम्हाला मिळाली असून ती विचाराधीन आहे. बांधकाम समितीच्या वतीने मी त्यावर समाधान व्यक्त केलं. रेगुला माझ्याकडे बघत राहिली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मला वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं. पण मतदान सुरू झालं होतं आणि माझा हात वर होता.

विरोधात एक मत पडलं. ऑडरमाट बाईंनी जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नये, पोरी. दिसणारसुद्धा नाही ते."

इम्होफ यांना संस्थेने बढती दिली. लोकसहभागातून जागा कशी निवडावी, यावर ते आता देशोदेशी व्याख्यानं देतात. मुख्य बोगद्याचं काम सुरू झालंय आणि कचऱ्याची पहिली पिंपं पुढच्या वर्षी उतरायची आहेत. रेगुलाने गायी निम्म्या विकल्या. हल्ली ती दुपारची हौदापाशी उभी असते आणि येईल जाईल त्याला सांगते. गावातले लोक आता फिरून पलीकडच्या गल्लीने जातात, म्हणून ती पाहुण्यांना सांगते.

ऱ्हाइनचा धबधबा बघायला निघालेल्या सहलींच्या बस आमच्या चौकात पाय मोकळे करायला थांबतात. गेल्या जुलैत तुमचीही थांबली होती. तुम्ही सगळे हौदापाशी गेलात, तोंडावर पाणी मारलंत, बाटल्या भरल्यात, आणि एवढं गार, एवढं गोड पाणी फुकट मिळतं याचं तुम्हाला फार अप्रूप वाटलं. रेगुला पुढे झाली. "या वर्षी प्या," ती तुम्हाला म्हणाली. "पुढच्या वर्षी आलात तर पिऊ नका, पोरांना तर मुळीच देऊ नका." मग तिने झरा कुठे आहे, पिंपं कुठे येणार, मध्ये आता काय उरलंय, ते हातांनी दाखवून सांगितलं. मी दुकानाच्या दारातून पाहत होतो. तुम्ही मध्ये न बोलता ऐकून घेतलंत. कुणी 'अरेरे' म्हणालं, कुणी मान हलवली.

मग तुमच्यातल्याच एकाने फोन डोळ्यांसमोर धरला आणि अगदी अदबीनं म्हटलं, "बाई, जरा बाजूला होता का? मागचे डोंगर झाकले जाताहेत."

रेगुला बाजूला झाली.