नवी हाय, दमानं!

पास्कलमामांच्या गाडीच्या मीटरवर दोनशेचा आकडा होता आणि मामा ती वीसच्या वर कधी नेत नसत. तेही अनवाणी. देवळाच्या पायरीशी काढावी तशी चप्पल बाहेर काढून मग आत बसत, आणि फेरी मारून आल्यावर बरोबर तिथंच उतरून पायात घालत.

त्या काळी अंधेरीच्या आमच्या सोसायटीत रंगीत टीव्ही दोन आणि स्कूटर तीन. अशात शेजारच्या गावठाणातल्या या सत्तरीच्या माणसाच्या अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याला लागून, काळीभोर, लांबलचक परदेशी गाडी येऊन उभी राहिली. पाच गिअर, थंडगार एसी, आणि दार लावल्यावर होणारा तो भारदस्त आवाज! मी बँकेतला माणूस, सहसा कशाला भुलत नाही. पण ते दार नुसतं लावून बघायला मी दोनदा गेलो होतो, हे आज कबूल करतो. इंजिन चालू झालं की आधी छातीला कळायचं, कानाला मागाहून.

मेकॅनिकनं सांगितलं होतं, पहिले हजार किलोमीटर गाडी पळवू नका, इंजिन रुळू द्या. मामांनी ते बायबलसारखं धरलं.

"बैलाला कुनी पयल्याच दिवशी नांगराला जुंपतो काय? आदी खांदा तयार होऊ दे. नवी हाय, दमानं!"

रिक्षा हॉर्न मारत पुढे जात, सायकली पुढे जात. एकदा तबेल्याची म्हैसही पुढे गेली. मामांनी तिलाही हात करून वाट दिली.

रोज संध्याकाळी एकच फेरी, जेमतेम अर्ध्या मैलाची. वर्ष उलटलं तरी हजार काही पुरे होईनात. आणि वाट तरी कसली! आमच्या मागच्या गेटानं आत, पाण्याच्या टाकीला वळसा, मग समोर मोकळं अंगण असताना उगाच काटकोनात उजवीकडे. बी विंगच्या जिन्यापाशी इंजिन बंद करून पाच मिनिटं स्वस्थ, आणि मग पुढच्या गेटानं बाहेर. मुलांचं क्रिकेट रोज नेमकं त्याच वेळी थांबे. पालक चिडले. मागच्या गेटाला कायमचं कुलूप लावायचं कमिटीत ठरलं. म्हणजे मामांची फेरी बंद. हे त्यांना सांगायचं काम, सेक्रेटरी म्हणून, माझ्या गळ्यात पडलं.

कुलूप खिशात घालून मी गेटाशी उभा राहिलो. मामांनी गाडी थांबवली.

"बस, सेक्रेटरी. चप्पल काढ."

चप्पल हातात धरून मी मागचं दार उघडलं.

"तिथं नाय! पुढं बस."

मागच्या सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. मी मुकाट्यानं पुढे बसलो. टाकी आली.

"हितं विहीर होती," मामा म्हणाले. मग तो काटकोन आला.

"मामा, सरळ जा की. मोकळंच तर आहे."

"सरळ गेलो तर गाडी भातात जाईल. हा बांध हाय."

मी बाहेर पाहिलं. सगळं सिमेंट. आमची सोसायटी मामांच्या शेतावर उभी आहे, हे मला कागदोपत्री माहीत होतं, एवढंच.

"तुजी खोली कंची?"

"तळमजला, बी विंग, दोन नंबर."

"तुज्या हॉलात वाल जाम गोड याचा," मामा कौतुकानं म्हणाले.

तेवढ्यात जिना आला, इंजिन बंद झालं.

"रोजी दुपारची भाकर घेऊन हितं याची. बांधावरून, अनवानी." रोजी म्हणजे त्यांची बायको. "बिल्डर असल्याच गाडीतून आला ना, तवा मना बोलली, एकदा तरी आपन मागं बसून फिरू. पैसं आलं, तवा ती नव्हती."

त्यांनी आरसा जरा खाली केला. त्यात मागची सीट दिसत होती.

"पाच मिनिटं थांबतो. भाकर खायाला तेवडाच टाइम लागतो."

आम्ही दोघं पाच मिनिटं थांबलो. समोर मुलं बॅट टेकवून वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी कमिटीनं विचारलं, कुलूप का लावलं नाहीत?

"हजार किलोमीटर अजून व्हायचेत," मी म्हणालो. "गाडी नवी आहे. जरा दमानं घ्या."