गळ्याशी आलेला स्कार्फ

"जो माणूस पूल उभे करतो, त्याला एक स्कार्फ काय जड आहे?" असं मी जेवताना छातीठोकपणे बोलून गेलो आणि तिथेच फसलो!

म्हणजे पूल मी प्रत्यक्ष उभे करत नाही, कागदावर काढतो. पण बायकोसमोर एवढा फरक कोण सांगत बसतो?

हे सगळं सासूबाईंच्या धास्तीने चाललं होतं. त्या शाळेत विणकाम शिकवायच्या आणि माझं नशीब असं, की मीही त्यांचाच विद्यार्थी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्यांना पाहिलं की माझ्या तोंडून 'आई'ऐवजी 'बाई' निघतं आणि तळहात आपोआप पाठीमागे जातात. त्या आमच्याकडे थोडे दिवस येणार होत्या. फोनवर बजावलं होतं, "घराची घडी नीट बसलेली दिसली तर निर्धास्त परत जाईन. नाहीतर कायमची राहायला येईन!"

कायमची! बायको मात्र खुशीत गुणगुणत होती. मग मी ठरवलं, हाताने विणलेला, फुगीर टाक्यांचा, ऊबदार स्कार्फ त्यांना द्यायचा. जावई सुधारला म्हणून त्या समाधानाने आपल्या घरी जातील!

लोकर आणली, क्रोशाची सुई आणली आणि व्हिडिओ बघत सुरुवात केली. एक ओळ सपाट, एक ओळ फुगीर. हाताला मस्त दाणेदार लागत होतं. फक्त व्हिडिओतल्या बाईंची एक गोष्ट मला पटली नाही. कडेला त्या काहीच जादा घालत नव्हत्या. आमच्या धंद्यात कड कच्ची राहिली तर पूल नदीत जातो! मी प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टाका वाढवला. भक्कमपणासाठी.

हातभर झाल्यावर मला धडकी भरली. स्कार्फ पुढे जाईल तसा पसरत होता!

"अहो, ही शाल आहे का?" बायकोने विचारलं.

"स्कार्फच आहे. डिझाइन आहे ते!"

"एक टोक रुमालाएवढं नि दुसरं चादरीएवढं?"

"गळ्याशी निमुळता, खांद्यावर रुंद. शास्त्रशुद्ध आहे!"

शास्त्र गेलं खड्ड्यात, मला रात्रंदिवस त्यांची पट्टी दिसत होती. शेवटी ऑफिसला दांडी मारून सगळं उसवायला बसलो, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं, तर सासूबाई! एक दिवस आधीच! मी घाबरून हातातलं टाकलं, ते नेमकं दारात पडलं. दार उघडलं आणि त्यांनी आत येत त्यावर शांतपणे पाय पुसले.

"पायपुसणं छान जाड आहे हो, जावई. जरा बेढब आहे, पण धूळ चांगली धरतंय. कुठून आणलंत?"

माझा जीव भांड्यात पडला. "बाजारातून!"

"अगं आई, पाय काढ!" बायको आतून ओरडत धावली. "तुझा स्कार्फ आहे तो! यांनी स्वतः विणलाय!"

सासूबाईंनी चष्मा लावला. ते प्रकरण उचललं. कडेवरून बोट फिरवलं.

"प्रत्येक ओळीला एक टाका जास्त. का?"

"बाई... ते... कड भक्कम व्हावी म्हणून..."

"उभा राहा!"

मी उभाच होतो. तरी आणखी थोडा उभा राहिलो.

"विणकाम कच्चं आणि वर थापा!" त्या लेकीकडे वळल्या. "माझं सगळं सामान मागवून घे. याची कड सरळ येईपर्यंत मी इथून हलत नाही."

बायकोने आनंदाने त्यांना मिठी मारली. मला कोणी विचारलंच नाही.

तेव्हापासून ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आत हातात सुई येते. चहा नंतर, आधी ओळी. उसवून उसवून लोकरीचा जीव गेला, माझाही जायचाच राहिलाय. पण सुटका हवी होती ना! परवा अखेर पूर्ण स्कार्फ विणून झाला. दोन्ही कडा फूटपट्टीसारख्या सरळ! तो त्यांच्यापुढे धरला.

"बाई, आता तरी?"

त्यांनी तो टोकापासून टोकापर्यंत तपासला, गळ्याभोवती गुंडाळला, आरशात पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारली.

"उत्तम! आता स्वेटर घेऊ."