आधी कोण ओरडलं?

प्रथमोपचाराच्या परीक्षेत आमच्या ऑफिसातून बेचाळीस जण बसले आणि पहिला आलो मी, विद्याधर कारखानीस. तेव्हापासून वाकोल्यात कोणाला अपघात होतोय याची मी वाटच पाहत होतो. वाईट वाटून घेऊ नका, नव्या डॉक्टरालाही असंच वाटत असणार, फक्त तो कबूल करत नाही. पण चार महिने गेले आणि आमच्या आळीत कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. माझी बायको वसुधा म्हणायची, लोक तुम्हाला घाबरून जपून चालतात.

मग त्रेपन्न सालच्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, शेजारचे धाकू परब शिडीवरून पडले. पावसाआधी कौलं परतायची म्हणून ते छपरावर निघाले होते आणि त्यांची बायको माणिकवहिनी कुंपणालगतच्या ढिगातून कौलं काढून त्यांना देत होती. वहिनींची किंकाळी आणि धाकूंचा धप्प आवाज माझ्या कानांवर एकदमच आला. मी जेवणाच्या पानावरून उठलो तो धावतच.

धाकू घोटा धरून बसले होते. मी पाहिलं न पाहिलं आणि हाड मोडल्याचं जाहीर केलं. एका बाजूला माझी छत्री, दुसऱ्या बाजूला लाटणं, आणि वरून वसुधाचं जुनं नऊवारी. अख्खं नऊवारी संपवल्याशिवाय मी थांबलो नाही. शेवटी धाकूंचा पाय तंबोऱ्याएवढा झाला.

वहिनी मध्येच म्हणाल्या, "भावजी, माझ्या पायाक कायतरी टोचला."

कौलाचा टवका असेल, असं मी त्यांना सांगितलं. नवरा जायबंदी झालाय आणि या बाईला काट्याचं पडलंय, हे मनातल्या मनात म्हटलं. आता आठवलं की कान गरम होतात.

टांगा आणला. धाकूंचा पाय बाहेर काढल्याशिवाय ते आत मावेनात, म्हणून तो मी हातांनी तोलून धरला. मळमळतंय असं वहिनी म्हणाल्या. रक्त पाहिल्यावर होतं असं, मी समजूत घातली. खरं तर रक्ताचा एक थेंबही कुठे नव्हता. सांताक्रूझच्या जवळ आल्यावर त्या म्हणाल्या की आपल्याला टांगेवाला एक नाही, दोन दिसतात. यावर मी चक्क हसलो. थोड्या वेळाने पाहतो तर त्यांचे डोळे मिटत चाललेले! मला संतापच आला. "वहिनी, धाकू विव्हळतायत आणि तुम्ही डुलक्या काढताय?" असं मी बोललोसुद्धा. त्या काहीतरी पुटपुटल्या, पण जीभ जड झाली होती. मला वाटलं, ओशाळल्या.

इस्पितळाच्या अपघात विभागात तरुण डॉक्टर माझी पट्टी सोडवायला लागले आणि मी त्यांना ती कशी बांधली ते सांगायला लागलो. ते सोडवतच होते, मी सांगतच होतो. तिथे जयंती नावाच्या एक पोक्त सिस्टर होत्या. त्यांनी धाकूंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. त्या सरळ बाकावरच्या वहिनींपाशी गेल्या.

"बाई, डोळे उघडा बघू."

वहिनींनी कपाळाला आठ्या घालून प्रयत्न केला. भुवया वर गेल्या, पण पापण्या उचलल्याच गेल्या नाहीत. सिस्टर वळल्या आणि त्यांनी मला विचारलं, "आधी कोण ओरडलं? ही, की तो?"

पहिल्या नंबराने पास झालेल्या मला दोन्ही आवाज एकदमच ऐकू आले होते. उत्तर टेबलावरून धाकूंनी दिलं.

"हीच वराडली. म्हणान तर मी वळलंय आणि पडलंय."

सिस्टरांनी वहिनींचं लुगडं जरा वर सरकवलं. टाचेच्या वर दोन बारीक ठिपके होते आणि भोवती सूज. कौलांच्या ढिगात साप होता. पुढचं फार भराभर झालं. डॉक्टरांनी नऊवारी तसंच टाकलं, सापाच्या विषावरचं इंजेक्शन आलं, प्राणवायूची नळकांडी घडघडत आली. धाकू टेबलावरून उतरून बायकोमागे धावले. दोन्ही पायांवर धावले. मागे छत्री आपटत होती आणि सहा वार लुगडं फरफटत होतं. घोटा नुसता मुरगळला होता.

दारापाशी मला अडवलं. मी बाकावर बसलो, जिथे वहिनी बसल्या होत्या तिथेच. तासभरात त्या बाईने मला चार वेळा सांगितलं होतं, हे मी तिथे बोटांवर मोजलं. श्वास बंद पडायला फार वेळ राहिला नव्हता, असं सिस्टर नंतर म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला वहिनींनी पापण्या उघडल्या. आठव्या दिवशी घरी आल्या आणि सगळ्या आळीला सांगत सुटल्या की भावजींनी टांगा आणला म्हणून मी वाचले. मी जाऊन खरं काय ते सांगितलं, माफी मागितली. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "तुमी आयकलात नाय, ह्या खरा. पण आणलात ना?" मी चहा प्यायलो.

त्या दिवसापासून मी शहाणा झालोय. परवा आमच्या दारात पोस्टमन सायकलवरून पडला. मी धावलो आणि आधी भोवती जमलेल्या सातही माणसांची एकेक करून विचारपूस केली. कोणाला काही टोचलंय का, एकाचे दोन दिसतायत का, जीभ जड वाटते का? सगळे ठणठणीत निघाले. मग पोस्टमनकडे वळलो, तर तो केव्हाच लंगडत निघून गेला होता.