आतलं ऐकणारे मन्मथअप्पा

मन्मथअप्पा एसटीत बसले की ड्रायव्हर काय बोलला ते अख्ख्या गाडीला कळायचं. ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा धरायची, जाळीला कान लावायचा आणि दर दोन मिनिटांनी मागं वळून बातमी द्यायची. "ड्रायव्हर म्हणायलाय, ब्रेक जरा ढिला हाय!" असं त्यांनी एकदा गेवराईच्या अलीकडे जाहीर केलं आणि पुढच्या थांब्यावर सहा माणसं तिकिटं तशीच टाकून उतरून गेली. कंडक्टरनं हात जोडले. "अप्पा, पाया पडतो, गप बसा."

"कावून?" अप्पा म्हणाले. "आतलं बाहेर कळाया पाहिजे. ज्याचा जीव गाडीत हाय त्याला न्हाई सांगायचं, तर काय डेपोत जाऊन सांगायचं?"

माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, अप्पांचं हार्डवेअरचं दुकान होतं. साठीचा माणूस. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, आणि नाकावर तारेनं दांडी बांधलेला चष्मा. बायको जाऊन काही वर्षं झालेली, एकुलती मुलगी मुंबईला दिलेली. मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि अप्पांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. त्यामुळे रंगाच्या डब्यावर काय लिहिलंय इथपासून मुलीच्या नवऱ्याच्या हुद्द्याचा अर्थ काय इथपर्यंत जगातलं सगळं इंग्रजी माझ्या गळ्यात पडायचं.

तेव्हा बाहेरच्या वस्तू नुकत्याच गावात यायला लागल्या होत्या. मोंढ्यात एसटीडीचे पिवळे बूथ उघडले होते, घरांवर केबलच्या वायरी लोंबत होत्या. अप्पांच्या भाच्यानं दुबईहून एक रेडिओ आणला. त्याला स्टेशनांचे इतके पट्टे होते की अप्पांनी महिनाभर नुसता काटाच फिरवला. एका दुपारी खालून हाक आली, "सर! ओ सर! खाली या! आभाळ बोलायलंय!"

मी धावत गेलो. खरखरीतून एक माणूस घाईघाईनं इंग्रजी आकडे म्हणत होता. वरून हैदराबादकडे जाणारं विमान, त्याचा पायलट. अप्पा स्टुलावर उभे राहून रेडिओ दुकानापुढच्या पत्र्याला टेकवून धरत होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर आरती चाललेली असावी तसा भाव.

"काय म्हणायलाय?"

मला निम्मं कळलं नव्हतं, पण इंग्रजीच्या मास्तरला तसं म्हणता येत नाही. "उंची सांगतोय," मी म्हणालो.

"अन् ह्यो रॉजर कोन? सगळे त्याचंच नाव घेतेत. लई मोठा साहेब दिसतोय."

रॉजर म्हणजे 'ऐकलं, समजलं', असं मी सांगितलं, आणि ती माझी चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून दुकानात हो-नाही बंद. गिऱ्हाईकानं काहीही मागितलं की अप्पा गरजायचे, "रॉजर!" चकलांब्याचा एक शेतकरी चार इंची खिळे घ्यायला आला होता. अप्पा "रॉजर!" म्हणाले आणि फोन आला म्हणून आत गेले. बिचारा अर्धा तास उभा. अप्पा बाहेर आल्यावर म्हणाला, "अप्पा, तुमचा ह्यो रॉजर गडी लई आळशी हाय. इतक्या वेळा हाक मारली, आजून खिळे घेऊन आला न्हाई."

त्यानंतर काही दिवसांनी रद्दीच्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं, की अमेरिकेत एका कंपनीच्या विमानांत प्रवाशांना कानाला लावायचं यंत्र मिळतं. त्यात गाण्यांसोबत पायलट आणि जमिनीवरचे लोक यांचं बोलणंही ऐकता येतं. मी सहज वाचून दाखवलं. अप्पा ताडकन उठले. त्यांच्या हातातला बिजागऱ्यांचा खोका खाली पडला आणि तो कुणी उचलला नाही.

"सर, कागद घ्या. लिहा."

आम्ही दिल्लीला पत्र लिहिलं. "माननीय साहेब, आमच्या देशातल्या इमानात बी अशी सोय व्हावी." मी त्याचं इंग्रजी केलं. उत्तर नाही. अप्पांनी दुसरं लिहायला लावलं, तिसरं लावलं. चौथ्याला उत्तर आलं: 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' अप्पांनी त्याला फ्रेम केली आणि दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी टांगली. रोज सकाळी उदबत्ती दोघांनाही ओवाळली जाई.

मग मुलीला मूल झालं. जावयानं कळवलं, विमानानं या, औरंगाबादहून खासगी कंपनीचं विमान सुरू झालंय. अप्पांनी माझंही तिकीट काढलं. "तुमी चला. त्यांच्याशी इंग्रजीत भांडाया मानूस पाहिजे."

दुबईचा रेडिओ पिशवीत घालून निघालेच होते. विमानात तो चालवायला बंदी आहे, तुरुंगात टाकतात, असं सांगून मी तो घरी ठेवायला लावला. औरंगाबादपर्यंत एसटीत ते माझ्याशी बोलले नाहीत.

विमानात आमच्या तीन जागा एका रांगेत. खिडकीशी जालन्याच्या एक म्हाताऱ्या बाई, मुलाकडे निघालेल्या, एकट्या, पहिल्यांदाच. मध्ये अप्पा, कडेला मी. हवाई सुंदरी ताट घेऊन आली. ताटात गोळ्या आणि कापसाचे बोळे.

"कापूस कावून?" अप्पांनी विचारलं.

"कानात घालायला," मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कापूस मीच पिकवला होता. "आमी इथं ऐकाया आलोत, अन् हे कान बुजवाया कापूस देतेत!" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या ड्रायव्हर मास्तरांला सांगा, त्यांचं बोलणं आमाला बी द्या. दिल्लीला पत्र गेलंय."

मी भाषांतर करायच्या आत ती मराठीत म्हणाली, "काका, तशी सोय नाही हो आमच्याकडे." पण पोरगी चांगली होती. आत जाऊन विचारून आली. "कॅप्टन म्हणाले, नियमात बसत नाही. पण कल्पना चांगली आहे म्हणाले."

"रॉजर," अप्पा खिन्नपणे म्हणाले, आणि त्यांनी कापूस खिशात ठेवला.

मुंबई आली. म्हणजे खिडकीतून दिसली, मग गेली, मग पुन्हा दिसली. विमान ढगांत शिरून गोल फिरायला लागलं आणि गचके बसायला लागले. स्पीकरवर कॅप्टन झरझर इंग्रजीत काही बोलला. मला त्यातला 'ट्रॅफिक' एवढाच शब्द लागला. पट्टे बांधायची खूण पेटली. पुढं कुणीतरी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. खिडकीशी बसलेल्या मावशींनी अप्पांचा दंड धरला. "अवो, खाली कावून उतरंना? काय झालं ह्याला?"

अप्पांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, पुढं झुकून मावशींच्या डोक्यावरून विमानाच्या भिंतीला कान लावला आणि बोट वर केलं. "श्श! ऐकायलोय."

रेडिओ आणला की काय? मी त्यांचा खिसा चाचपला. कापूस आणि चष्म्याचं घर.

"मुंबईवाला म्हणायलाय," अप्पा सांगू लागले, "बाबा, जरा थांब, तुझ्या म्होरं दोन इमानं हायत. आपला म्हणायलाय, रॉजर, मला काय घाई न्हाई, माझ्याकडं तेल लई हाय."

"लई हाय का?" मावशींनी विचारलं.

"पार हैदराबादला जाऊन परत येईल इतकं!"

मागच्या रांगेतून एक मुंडकं वर आलं. "काय म्हणतायत?" अप्पांनी पुन्हा सांगितलं. ती बातमी आणखी मागं गेली. टायवाला एक साहेब पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "जरा जोरात सांगा ना." आता काय, एसटीतल्या पहिल्या जागेचा माणूसच तो! अप्पांचा आवाज चढला. पहिलं विमान उतरलं. दुसरं उतरणार तोच धावपट्टीवर कुत्रं आलं. मुंबईवाला कुत्र्याच्या मागं काठी घेऊन पळाला. "हाड बे! हाड! म्हणायलाय." लोक हसले. एक गचका बसला, तर अप्पा म्हणाले, "पायलट म्हणायलाय, ह्यो खड्डा लई जुना हाय, रोजच लागतो." अख्खं विमान खिदळायला लागलं. खुर्चीला पट्टा बांधून बसलेली हवाई सुंदरी तोंडावर हात धरून हसत होती. मावशी हसत नव्हत्या, पण त्यांनी दंड सोडून अप्पांचा हात धरला होता आणि प्रत्येक बातमीला मान हलवत होत्या.

उतरल्यावर टाळ्या पडल्या. कॅप्टन दारात येऊन उभा होता. हवाई सुंदरीनं त्याला सगळं सांगितलं असावं. तो हसून म्हणाला, "काका, पुढं दोन नाही, पाच विमानं होती."

"मला काय म्हाईत?" अप्पा म्हणाले. "अन् पाच सांगितली असती तर मावशी रडल्या असत्या की."

मावशी बाहेर थांबलेल्या मुलाकडे जाताना परत वळल्या आणि अप्पांच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. आम्ही सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहिलो. मी हसत विचारलं, "अप्पा, एवढी थाप ठोकायला कुठं शिकलात?"

अप्पा पट्ट्याकडं बघत साध्या आवाजात म्हणाले, "तुमी माजलगावला यायच्या आधीची गोष्ट हाय. आमच्या मंडळीचं, तुमच्या काकूचं, आपरेशन व्हतं औरंगाबादला. चार तास. मी भाईर बाकड्यावर. आत काय चाललंय, काय कळंना. तिथं एक झाडणारी बाई व्हती. ती थोड्या थोड्या वेळानं यायची अन् सांगायची, अप्पा, आता गुंगी दिली. आता निम्मं झालं. पेशंट लई धीराची हाय म्हणायलेत. आता टाके घालायलेत."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी काकू गेली." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "ती बाई आत जातच नव्हती, सर. कोपऱ्यावर नळ व्हता. तिथं झाडू टेकवून जराशी उभी राह्यची, अन् परत यायची. मला बाकड्यावरून सगळं दिसायचं."

"तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"तवाच की. तरी ती आली की मी उठून उभा राह्यचो अन् इचारायचो."

त्यांची ट्रंक आली. मी पुढं होऊन ती उचलली. अप्पा चष्मा चढवून माझ्यामागून चालू लागले.

"दर दिवाळीला तिला लुगडं नेऊन देतो," ते म्हणाले. "पण मला दिसत व्हतं, हे तिला आजून सांगितलं न्हाई."