मानाची घागर आणि माझी बचत

पाणी कसं वाचवावं, हे मला विचारा! आख्ख्या गल्लीत, नव्हे, आख्ख्या कोल्हापुरात माझ्याइतकं पाणी कुणी वाचवलं नसेल. आणि त्यापायी माझ्याइतकं वाटोळंही कुणाचं झालं नसेल.

आमच्याकडे गंमतच आहे. आषाढात पंचगंगा पात्राबाहेर येते आणि नेमके त्याच दिवसांत नळ कोरडे पडतात, कारण पाणी उपसणारे पंपच पाण्यात जातात! मग टँकर मागवा, नाहीतर डोकं चालवा. मी डोकं चालवलं. आंघोळ माणशी अर्धी बादली. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं संडासला आणि ज्या पाण्याचा तळ दिसत नाही ते माझ्या स्कूटरला. साठवायला बादल्या पुरेनात. मग पिंप, पातेली, कुकर, शेवटी तांब्याची घागरसुद्धा वापरलेल्या पाण्याने भरून परसात ओळीने मांडली.

"अवो, आमटी कशात करू? तुमच्या हेल्मेटात?" बायको, म्हणजे पूर्णिमा, ओरडली.

"बचत करायची तर थोडी कळ सोसायला पाहिजे!" मी म्हणालो.

आता आमची एक रीत सांगतो. आषाढात नदीचं नवं पाणी टेंबलाईला न्यायचं. गल्लीगल्लीतल्या बायका घागरी डोक्यावर घेऊन टेकडी चढतात, पुढे सनई-ढोलाचं पी ढबाक वाजत असतं आणि ते पाणी देवीच्या पायऱ्यांवर ओततात. आमच्या गल्लीत पहिली, मानाची घागर कायम धोंडुबाईंची. यंदा त्यांचे गुडघे गेले आणि मान पूर्णिमाकडे आला. लग्न होऊन आल्यापासून ती या दिवसाची वाट बघत होती. धोंडुबाईंनी मान सोडला होता, पण जीव अजून त्यातच अडकला होता.

घागर न्यायच्या शुक्रवारी मी उठून परसात गेलो. घागर ओळीतच होती. आत डोकावलो तर पाणी लाल, गढूळ. तळ दिसेना! नियम म्हणजे नियम. उचलली घागर आणि स्कूटर धुऊन टाकली.

शेवटची धार पडत होती, तेवढ्यात आतून आवाज आला, "अवो, परसातल्या घागरीला हात लावू नका हं! घासून नवं पाणी भरून ठेवलोय. पहाटे टेम्पोनं घाटावर गेलतो आमी सगळ्या. इरकल नेसून आलोच मी!"

हातात रिकामी घागर आणि गल्लीच्या तोंडाशी पी ढबाक सुरू! नळ सोडला, तर त्याने नुसता सुस्कारा टाकला. नदीवर जाऊन यायला वेळ नव्हता. समोर होतं ते पिंप, त्यात कालचं धुण्याचं पाणी. मी डोळे मिटले, देवीची माफी मागितली, घागर भरली आणि कुंडीतली मूठभर लाल माती आत ढवळली. रंग अगदी पंचगंगेचा आला!

पूर्णिमा आली. घागरीला हळदकुंकू लावलं, कडुलिंबाचा डहाळा खोवला.

"कशी दिसतोय मी?"

"एक नंबर," मी म्हणालो.

मिरवणूक निघाली. पूर्णिमा सगळ्यांच्या पुढे, मान ताठ. ती चालेल तशी घागर हिंदकळायला लागली आणि घागरीच्या तोंडाशी पांढरं काहीतरी दिसायला लागलं. फेस! बघता बघता तो डहाळ्यातून वर आला आणि तिच्या कपाळावर ओघळला.

"आई अंबाबाई! पाण्याला उकळी आली!" कुणीतरी ओरडलं. दोघीतिघी पाया पडल्या. वाटलं, वाचलो! पण धोंडुबाईंचे गुडघे गेले होते, नाक शाबूत होतं.

"अगं बया! ह्येला तर धुण्याच्या पावडरीचा वास येतोय!"

वाजंत्री थांबली. पूर्णिमाने वळून थेट माझ्याकडे बघितलं.

"नवं पाणी कुठं हाय?"

"गाडीला... घातलं."

"किती वर्सं वाट बघितलो की हो मी," ती हळूच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तालमीचा कारभारी कृष्णात पुढे आला. "रडायचं न्हाय, वैनी. मान तुमचाच हाय. मिरवणूक हितंच थांबंल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पावणं, घागर घासा आनि अनवाणी जावा नदीला. डोक्यावरनं आणायची!"

याच गल्लीत जन्मलो मी, आणि मला पावणं!

गेलो. आणली. मान खांद्यात रुतली, पण पूर्णिमा ती घागर घेऊन टेकडी चढली आणि पायऱ्यांवर पाणी ओतताना हसली. तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन बघतो तर स्कूटरला हळदकुंकू, हार, समोर उदबत्ती! शेजारी धोंडुबाई.

"देवीचं पाणी पडलंय हिच्यावर. आता हिच्यावर बसायचं न्हाय!"

"आनि दर शुक्रवारी न्हाऊ घालायची," पूर्णिमा म्हणाली.

"परसातल्या पिंपातलं..." मी सुरुवात केली.

"चांगल्या पाण्यानं!"

तर सध्या मी रिक्षाने ऑफिसला जातो. शुक्रवारी दारात टँकर येतो आणि स्कूटरची भरल्या बादल्यांनी आंघोळ होते. माझी आंघोळ अजून अर्ध्या बादलीतच आहे. नियम म्हणजे नियम, असं पूर्णिमा म्हणते.